तळाचा माल

६ जानेवारी २०२५, सोमवार

एकदाची हुपरीत येऊन पडले. राधानगरीहून कोल्हापूर, तिथून हुपरी, दोन एसट्या आणि मांडीवर आईच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी. बरणी फुटली नाही, म्हणजे दिवस चांगला असं मी धरलं.

खोली बनाबाई काकूंच्या माडीवर मिळाली. काकूंनी नाव विचारलं, सोनम म्हटलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. काकू जरा थांबल्या. हे थांबणं मला लहानपणापासून पाठ आहे. मग म्हणाल्या, चहात साखर किती घालू. मी दोन चमचे म्हटलं आणि खोली माझी झाली.

घरात माणसं मोजकी. काकू, त्यांचे मालक आकाराम काका आणि सून स्वप्नाली. तिला सहावा महिना आहे. तिचा नवरा धैर्यशील इथले पैंजण घेऊन सेलमला जातो, महिन्यातनं चार दिवस घरी. गंमत म्हणजे आकाराम काका माझ्याच साइटवर माती धुणाऱ्यांचे मुकादम आहेत. घरी मला पोरी म्हणणार आणि साइटवर मॅडम, असं त्यांनी आजच जाहीर केलं. मी म्हटलं, पगार कापला की काय म्हणणार? काकू पदराआड हसल्या.

काम असं. गावाबाहेरच्या एका भंगारवाल्यानं तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा बंद गिरणीचं यंत्र गॅस कटरनं कापलं. आत शिशाच्या डबीत सिझियम होतं. किरणं सोडणारं, डोळ्यांना न दिसणारं. पावसानं ते मातीत मुरवलं. आता ती चारशे ब्रास माती रसायनांनी धुवून स्वच्छ करायची. मी तिथली केमिस्ट. घरी सांगून आलेय की मातीला आंघोळ घालायची नोकरी लागली. बाबांनी विचारलं, धोका आहे का? म्हटलं, राधानगरीच्या घाटात एसटीत बसण्याइतका.

८ जानेवारी, बुधवार

आज कामगारांचं ट्रेनिंग. सेफ्टीचे राजवर्धन साहेब पुण्याहून आलेत. त्यांनी पडद्यावर इंग्रजी चित्रं दाखवत तासभर वाचून दाखवलं आणि सहाच्या सहा माणसं जांभया देत बसली. सगळे हुपरीचेच. चांदीच्या कारखान्यातली केरमाती धुवून तिच्यातली चांदी काढण्यात यांची हयात गेली, म्हणून तर कंपनीनं त्यांना घेतलं.

शेवटी मला राहवेना. उठले आणि त्यांच्याच भाषेत सांगितलं. म्हटलं, हे तुमच्याच कामासारखं आहे. कोमट आम्लात आणि खारवट पाण्यात माती घुसळायची, की मातीनं धरून ठेवलेलं सिझियम सुटतं. ते पाणी निळ्या भुकटीतनं जाऊ द्यायचं, भुकटी ते पकडून ठेवते. माती मोकळी. तळाला जो निळा गाळ उरतो, तो आपला माल. साइटवर सगळ्यात जपायची वस्तू तीच. चिमूटभर बाहेर जाता कामा नये.

माल म्हटल्यावर सहाही जण ताठ बसले. मग किरणांचं सांगितलं, केस गळतात, कातडी जळते, माणूस जातो. आकाराम काका मान डोलवत होते आणि मिशीत हसत होते. साहेब नंतर म्हणाले, नाद खुळा समजावलंत, मला तासात जमलं नाही ते तुम्ही पाच मिनिटांत केलंत. खोटं कशाला लिहू, दिवसभर मी हवेत होते.

१९ जानेवारी, रविवार

सुट्टी. स्वप्नालीबरोबर अंगणात मटार सोलत बसले. आईचं लोणचं तिनं अर्धं संपवलंय, डोहाळ्यांच्या नावाखाली.

या घराच्या एकेक तऱ्हा ऐकाव्यात. काकू केर उंबऱ्याकडनं आत काढतात, बाहेर नाही. पुढच्या खोलीत पूर्वी काकांचा चांदीचा कारखाना होता. तिथला केर म्हणजे लक्ष्मी, तो बाहेर कसा टाकायचा? काम करून हात धुतले की ते पाणीही घंगाळात धरायचं. तळाला बसलेलं वाळवायचं, वर्षानं आटवायचं, त्यातनं चिमूटभर का होईना चांदी निघते. कारखाना बंद होऊन चार वर्षं झाली तरी केर अजून आतच येतो. स्वप्नाली म्हणाली की हे लोक तिच्या आंघोळीचं पाणीसुद्धा गाळून घेतील. इतकी हसली की मटार सांडले.

मग स्वतःहूनच सांगायला लागली. तिचं पहिलं चौथ्या महिन्यात गेलं. दोन वर्षं झाली. मला म्हणाली, हे एक पोर घरात रांगू दे, मग आयुष्यात काही मागणार नाही. मी मटारच गोळा केले.

जेवणाची सोय झकास झालीय. काकू सकाळी दोन डबे भरतात, एक काकांचा, एक माझा. दोन्ही अगदी सारखे. एकाच पिशवीत घालून मी स्कूटीच्या हुकाला अडकवते. काका कंपनीच्या जीपनं येतात, पण त्यांचा डबा माझ्याबरोबर जातो आणि रिकामा होऊन माझ्याबरोबरच परत येतो.

१ फेब्रुवारी, शनिवार

पहिली वीस ब्रास माती धुवून झाली. किरणं मोजायचं मीटर धरलं आणि आकडा इतका खाली की मी दुसरं मीटर आणून बघितलं. खरंच खाली. तीन वर्षं ज्या मातीजवळ कुत्रं फिरकू दिलं नव्हतं, ती मी आज हातात घेतली. करडी, भुसभुशीत. मातीचा वास मात्र तिला उरलेला नाही.

आठवड्याची तपासणीही केली. हात, हातमोजे आणि गाळणीची फडकी धुतात त्या बेसिनखाली पितळी घंगाळ दिसलं. काका म्हणाले, पाईप गळतोय, प्लंबर येईस्तोवर ठेवलंय. मी यादीवर बरोबरची खूण केली. फाटकावरचं तपासणीचं यंत्र अजून आलेलं नाही, म्हणून सुटताना हातातलं मीटर घेऊन सगळ्यांना मीच तपासते. मला कोण तपासणार, हा साइटवरचा ठरलेला विनोद. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारे छातीवरचे बॅजही सुटताना फाटकातच ठेवायचे असतात. जानेवारीचा सगळ्यांचा आकडा शून्याला टेकलेला आला.

१६ फेब्रुवारी, रविवार

स्वप्नालीचं ओटभरण. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी. गल्लीतल्या बायकांनी अंगण भरून गेलं. ती पाटावर बसली होती आणि चेहऱ्यावरचं हसू जात नव्हतं. धैर्यशील सेलमहून मुद्दाम आला.

आकाराम काकांनी चार वर्षांनी हत्यारं बाहेर काढली होती. नातवंडासाठी स्वतःच्या हातानं चांदीचा ताईत घडवला. अंगठ्याएवढा, पोकळ, दोन्ही टोकांना बारीक वेलबुट्टी. तोंडं डाख देऊन बंद केलेली. काकूंनी तो काळ्या दोऱ्यात ओवून स्वप्नालीच्या कमरेला बांधला, बेंबीच्या खाली. मी विचारलं, आत काय? काका म्हणाले, सगळ्यात जपायची वस्तू. सगळे हसले, मीही हसले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डाव्या पायाच्या नडगीवर लाल चट्टा उठलाय, तळहाताएवढा. स्कूटीचा चटका असेल म्हटलं. पण चटका दुखतो. हा दुखत नाही, बोट लावलं तर काही लागतही नाही.

काकूंना आठवडाभर मळमळतंय. त्या नव्या तेलाच्या डब्याला शिव्या घालतायत. मलाही जेवण जात नाही. स्वप्नाली दुपारभर झोपून असते. सातवा महिना, असं सगळे म्हणतात.

७ मार्च, शुक्रवार

स्वप्नालीनं माझ्या खोलीत येऊन पोट दाखवलं. बेंबीच्या खाली रुपयाएवढा डाग. कडेला लाल, मध्ये काळपट. गावातल्या डॉक्टरांनी दोरा ओला राहून नायटा झाला म्हणून मलम दिलंय. काकूंनी ताईत बोटभर वर सरकवला. आता तिथंही लाल व्हायला लागलंय.

तिनं विचारलं, तू सायन्सवाली, तुला काय वाटतं? मी म्हटलं, खोबरेल लाव.

१२ मार्च, बुधवार

सावकाश लिहिते.

मीटर तपासून घ्यायला कोल्हापूरला न्यायचं होतं. वाटेत घरी थांबले, दुपारचे दोन. स्वप्नाली ओट्यावर बसलेली. म्हणाली, हे तुझं यंत्र करतं तरी काय, दाखव की. मी दाखवायला म्हणून चालू केलं.

ओट्यावरच टिकटिक सुरू झाली. साइटवर लाल पट्टीच्या आत असते तशी. मला वाटलं, मीटरच बिघडलं, बरं झालं नेतेच आहे. मग गंमत म्हणून तिच्या पोटाजवळ धरलं. टिकटिक थांबली आणि एकच सलग आवाज झाला. ती हसली. म्हणाली, बाळ बोलतंय.

मी बंद केलं. सेल गेले म्हटलं. ताईत काळा पडलाय, उजळून आणते म्हटलं. तिनं लगेच काढून दिला. माझ्यावर विश्वास आहे तिचा. मीटरच्या पेटीत शिशाची डबी असते, तिच्यात टाकला.

ताईत दूर ठेवून आल्यावर परत चालू केलं. पुढची खोली. चूल. मोरी. डब्यांची फळी. दोन डब्यांपैकी एकावर आकडा वर गेला. दुसऱ्यावरही. पिशवी. माझी नडगी.

मग स्वप्नालीपासून दहा पावलांवर, अंगणात, मोकळ्या हवेत, मीटर स्वतःच्या पोटाला लावलं. तेव्हाही वाजलं.

ती अजून तिथंच बसली होती. विचारत होती, ताईत कधी देशील.

१३ मार्च, गुरुवार

आकाराम काकांना साइटच्या शेडमागं गाठलं. त्यांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं.

बेसिनचा पाईप त्यांनीच काढला होता. हात धुतलेल्या पाण्याचा गाळ घंगाळात बसायचा, निळा. तो ते रिकाम्या डब्यात घालायचे. डबा पिशवीत. पिशवी माझ्या स्कूटीला. गेले सहा आठवडे मी सगळ्यांना तपासत होते आणि माल माझ्याच पायाशी लटकवून घरी नेत होते. घरी डबा घासला जायचा आणि सकाळी त्यात भाकरी.

गाळ पुढच्या खोलीत मुशीत घालून आटवून पाहिला. चांदी निघाली नाही, नुसता धूर झाला. म्हणजे हा चांदीपेक्षा भारी धातू, असं त्यांनी ठरवलं. सरकार उगाच एवढं कुलूप लावतंय व्हय? मग उरलेला ताईतात भरला. घरात पहिला हक्क नातवंडाचा.

मी म्हटलं, मी सांगितलं नव्हतं का, माणूस मरतो म्हणून? ते म्हणाले की हे प्रत्येक कारखान्यात मालक सांगतात, केरात विष हाय, हात लावू नका. चोरी होऊ नये म्हणून सांगतात. पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते.

"मॅडम, तुम्हीच म्हणालासा की. तळाला ऱ्हातोय त्यो माल. आमी चोरी न्हाय केली. हात धुतल्यालं पानी कामगाराचंच असतंय."

काका खरंच तेवढंच बोलले. रागावलेही नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार

आज धुळवड. गल्लीत पोरं एकमेकांना माती फासतायत. मी खिडकी लावून घेतली.

राजवर्धन साहेबांना आज सांगितलं. परवाच का नाही सांगितलं, तेही इथं लिहिते, निदान इथं तरी. नोकरी जाईल ही भीती. आणि त्या यादीवरची माझी खूण. दोन दिवस मी गप्प बसले आणि त्या दोन दिवसांत स्वप्नाली त्याच चुलीचं तीनदा जेवली. मी समोर बसून वाढून घेतलं, न खाता उठले, आणि तिला अडवलं नाही.

लाज वाटायला हवी. वाटत नाही. काहीच वाटत नाही, नडगीसारखं.

१७ मार्च, सोमवार

सुट्ट्या आडव्या येऊन आज कुठं पांढऱ्या पोशाखातली माणसं आली; तोवर जेवण साहेबांनी बाहेरून पाठवलं. घर सील. चूल, डबे, गोधड्या, आईची बरणी, सगळं पिवळ्या पिंपांत. काकूंना केरसुणी सोडवेना. त्यांनी केर आत ओढायला सुरुवात केली आणि त्या माणसानं त्यांच्या हातातनं केरसुणी काढून घेतली.

आम्हा चौघांना कोल्हापूरच्या एका दवाखान्यात आणलंय, वेगळ्या मजल्यावर. धैर्यशील सेलमहून निघालाय.

स्वप्नाली पोटावर हात ठेवून बसली आहे.

२० मार्च, गुरुवार

मोजणी झाली. ताईत काढला तरी तिच्या अंगातलं जात नाही. पोटात गेलंय, अन्नातनं. तिथनं रक्तात, रक्तातनं बाळाला. तिचा आकडा सगळ्यात मोठा. ती दिवसभर घरी असायची. आणि दोघांचं खायची.

मुंबईहून औषध आलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी खोकं उघडलं.

निळी भुकटी. कॅप्सूलमध्ये भरलेली.

तीच. म्हणजे जात तीच. ही कोरी, स्वच्छ, बिनधोक. मातीतलं धरते तसंच आतड्यातलं सिझियम धरते आणि बाहेर नेते. दुसरं औषध नाही. बाळापर्यंत हे पोचत नाही, पण आईतनं जेवढं निघेल तेवढं बाळाला कमी जाईल. रोज तीन वेळा. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, एक दिवस वाया घालवू नका.

बनाबाई काकूंनी एक कॅप्सूल हातात घेऊन उजेडाला धरली. आतला रंग बघितला. खोकं उचललं आणि मोरीत ओतलं.

२१ मार्च, शुक्रवार

नवीन खोकं आलं. काका घेतात. मी घेते. काकू घेत नाहीत, स्वप्नालीला घेऊ देत नाहीत. धैर्यशील आईच्या बाजूनं.

डॉक्टरीण बाईंनी समजावलं. साहेबांनी पडद्यावरची चित्रं दाखवली.

मग मला पाठवलं. त्यांना वाटतं, मला यांची भाषा येते.

स्वप्नालीनं मी पुढं केलेली कॅप्सूल परत सारली. मग म्हणाली, "आता ह्यो पण माल हाय व्हय?"

मी बाहेर आले.

२२ मार्च, शनिवार

तिच्यासमोर कॅप्सूल फोडून खाल्ली. जीभ निळी झाली, ती दाखवली.

ती म्हणाली, तू काय गरोदर न्हाईस.

काकूंनी मला हाकललं नाही. हाकललं असतं तर बरं झालं असतं. पाणी दिलं प्यायला, स्वतःच्या तांब्यातनं.

२३ मार्च, रविवार

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, बाळाची हालचाल कमी वाटतेय. म्हणाल्या, अजून वेळ आहे. आज सुरू केलं तर—

काका भिंतीकडं तोंड करून झोपलेत. जेवले नाहीत.

माझे केस फणीत येतायत. बघितलं. ठेवून दिले.

२४ मार्च, सोमवार

स्वप्नालीनं निरोप पाठवला. एकटीच ये.

तिनं धैर्यशीलला आणि सासूला बाहेर बसवलंय. कॅप्सूल वाटीत ठेवलीय, समोर. म्हणाली, रात्रीपासून बाळ एकदाच हललं. म्हणाली, डॉक्टर नको, चित्रं नको. तू एकदा चुकीचं सांगितलंस, आता बरोबर सांग. पटलं तर घेते. नाहीतर परत विचारू नकोस.

मी म्हटलं, पाच मिनिटं दे.

दाराबाहेर बाकावर बसून आधी लिहून काढते. तोंडातनं काही भलतं जायला नको. औषध म्हणू? मलमालाही औषधच म्हटलं होतं. नीळ? विष काढणारं? विष तर आम्हीच—

साधं सांगायचं. खरं नाव. ती वाट बघतेय. काकू समोरच्या बाकावर बसून माझ्या पेनकडं बघतायत.

स्वप्नाली, हे जे निळं आहे ना, ते